रंग ओळखल्याबद्दल

जयनगर, बेंगळुरू
१२ जानेवारी २०२५

प्रिय अभिदादा,

तू नंबर बदललास, पॅराग्लायडिंग क्लबच्या ग्रुपमधून निघून गेलास, मेलला उत्तर देत नाहीस. आत्याचं बेळगावचं घर मात्र तुला बदलता येत नाही, म्हणून हे पत्र. कुरिअरवाल्याला सांगितलंय, सही घेतल्याशिवाय हलू नको.

बातमी अशी की, यंदाची मैत्री स्पर्धा माझ्या गळ्यात पडली आहे. नावातच मैत्री असल्यामुळे काम करायला कुणी पुढे येत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण विचार केल्यावर मला उकळ्या फुटायला लागल्या. मार्ग मी आखणार, नियम मी लिहिणार, गुण मी देणार. आणि उडणाऱ्यांत त्रिविक्रम आहे. तो आता क्लबचा अध्यक्ष आहे, हे तुला कुणी सांगितलं नसेल तर आधी खुर्चीत बस.

दोन वर्षं झाली, पण हॉस्पिटलच्या त्या व्हरांड्यातलं त्याचं वाक्य माझ्या कानातून जात नाही. तुझ्या खुब्याचं ऑपरेशन चालू होतं. आत्या भिंतीला टेकून बसली होती. आणि हा त्या दिवशीच्या स्पर्धेत जिंकल्याचा हार गळ्यात तसाच घेऊन आलेला. म्हणाला, "हो, एक विंग दिसली होती खाली पसरलेली. वाटलं, वाळत घातलीये." वाळत! जणू पॅराग्लायडरचं कापड नाही, कुणाची साडी होती ती. मी विचारलं, रंग नाही दिसले? तर म्हणे, "एवढ्या उंचीवरून रंग कुठले कळतात, वीणा? उन्हात सगळं पांढरंच." पुढे क्लबच्या समितीनंही माना डोलावल्या. रेडिओ फुटलेला, पाय हलत नाही, अशा अवस्थेत तू बाभळीखाली पडून होतास. संध्याकाळी मेंढरं परत नेणाऱ्या माणसानं बघितलं म्हणून वाचलास. आणि हा पुढे जाऊन ढाल घेऊन आला.

उतरल्यावर विंग ताबडतोब गोळा करायची, हे तूच मला पहिल्या दिवशी शिकवलंस. गोळा केलेली म्हणजे मी ठीक आहे. पसरलेली राहिली म्हणजे मला मदत हवी. हे नवख्या पोरांनाही कळतं. अध्यक्षांना कळलं नाही.

तर माझा बेत ऐक. यंदा मी नियम घातलाय: पसरलेली विंग बघून जो थांबणार नाही, तो बाद आणि क्लबमधूनही बाहेर. जो थांबेल, त्याला त्या दिवशीच्या पहिल्या माणसाइतके गुण, वर पाच. त्रिविक्रमनं स्वतः या नियमाला टाळ्या वाजवल्या. सुरक्षिततेसाठी फार छान म्हणाला. आता दुसऱ्या टप्प्याच्या वळणाशी मी एक विंग पसरून ठेवणार, आणि तो पुन्हा वरून निघून गेला की संध्याकाळी सगळ्यांसमोर विचारणार: आज काय वाटलं हो अध्यक्ष? वाळत घातली होती?

पण विंग तुझी हवी. तीच, पोपटी आणि राणी काठाची, जिला सगळे 'खण' म्हणायचे. तशा रंगाची दुसरी विंग अख्ख्या कर्नाटकात नाही. माळ्यावर पडलीच आहे ना? पाठव.

तुझी,
वीणा

*

खडेबाजार, बेळगाव
१९ जानेवारी

वीणे,

चिरंजीव वगैरे लिहायला घेतलं होतं, पण कटकारस्थानं करणाऱ्या बाईला ते शोभत नाही.

विंग मिळणार नाही.

मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसून लिहितोय. समोर एक गृहस्थ बिजागऱ्या निवडतोय आणि मी काठी कुठे ठेवली ते शोधतोय. इथे मला सगळे विचारतात, पाय कसा आहे की ओ? पाय बरा आहे. जिना उतरताना तेवढा शिव्या घालतो.

तुला वाटत असेल की मी मोठ्या मनाचा झालोय. अजिबात नाही. मी रोज त्या माणसाचं काहीतरी वाईट चिंततो. त्याच्या घरी पाणी जावं, त्याचा गिअर अडकावा, त्याच्या इडलीत खडा लागावा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मला हाच उद्योग. पण खोटी हाक मारायची नाही. पसरलेली विंग म्हणजे हाक, हे तुला शिकवलं ते गंमत म्हणून नाही. एकदा तू हा खेळ केलास की पुढच्या वेळी कुणीतरी खरंच पडेल, आणि वरून जाणारा म्हणेल, वीणाचा काहीतरी प्रयोग असेल.

आणि दुसरं म्हणजे, तुझ्या सापळ्यातून मला हवं ते मिळणारच नाही. तुला त्याला क्लबमधून हाकलायचंय. मला तो क्लबमध्ये राहिला काय नि चंद्रावर गेला काय. मला फक्त एक गोष्ट हवी आहे. त्या दिवशी त्याला रंग कळले होते का?

परक्या माणसाची विंग समजून तो पुढे गेला असेल, तर तो हावरा आणि निष्काळजी आहे, बस. तसे पुष्कळ असतात. पण माझी आहे हे कळून गेला असेल तर? वीणे, आम्ही जयनगरच्या त्या खोलीत सात वर्षं एकत्र राहिलो. मला डेंग्यू झाला तेव्हा हा माझ्या उलट्या काढत होता. त्याची आई माझ्यासाठी वेगळे कोडबळे, आपल्या कडबोळ्यांसारखे, पाठवायची. तुम्ही सगळे मला दादा म्हणता, घरात बाळू म्हणतात, आणि 'अभी' म्हणणारा जगात तो एकटा. त्या बाभळीखाली पडल्यापडल्या मी वर बघितलं तर त्याची निळी विंग माझ्यावरच दोन फेऱ्या घेत होती. मी हातही वर केला होता. मला वाटलं, आला. मग ती सरळ झाली आणि निघून गेली.

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तू कुणाला सांगू नकोस.

अभि

*

जयनगर
२७ जानेवारी

प्रिय अभिदादा,

दोन फेऱ्या घेतल्या त्यानं? आणि हे तू मला आत्ता सांगतोस? पत्र वाचल्यापासून मला ऑफिसात कुणी गुड मॉर्निंग म्हटलं तरी त्याचा गळा धरावासा वाटतोय.

तू तुझी तत्त्वं सांभाळ. मी क्लबची जुनी विंग वापरीन. मार्ग आखून झालाय: होसकोट्याच्या पुढे कोलारच्या वाटेवर जो माळ आहे, तिथून विंचच्या दोरीनं ओढून वर चढायचं, मग पूर्वेला. येलहंक्याकडे कुणी वळलं तर हवाई दलवाले माझी चटणी करतील, म्हणून पश्चिमेला जाणारा थेट बाद. जीप चालवायला मंजुनाथ आहे, तो तुझी आठवण काढतो. "अण्णा येत नाहीत का?" असं दर वेळी विचारतो.

तुला एक निमंत्रण येणार आहे. पाकीट फोडायच्या आधी पाणी पिऊन घे.

वीणा

*

बेळगाव
७ फेब्रुवारी

वीणा,

निमंत्रण आलं. जाड कागद, कडेला सोनेरी रेघ. "मैत्री स्पर्धेच्या बक्षीस समारंभास क्लबचे संस्थापक सदस्य म्हणून आपण प्रमुख पाहुणे व्हावे." आणि खाली त्याच्या हातचं: "अभी, तुझ्या अपघातामुळे आपण सगळे सुरक्षिततेबद्दल खूप काही शिकलो. त्याबद्दल चार शब्द बोलशील तर पोरांना फायदा होईल."

खूप काही शिकलो! माझा खुबा यांचा धडा झाला. मी काठी टेकत स्टेजवर चढायचं, पोरांना सांगायचं की बाळांनो, पडू नका, आणि अध्यक्षांनी मला शाल घालायची. ते वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. तो कागद मी दुकानात खिळ्यांच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलाय.

विंग बसच्या पार्सलनं पाठवली आहे. सोबत पावती आहे, स्टँडवरून घेऊन ये. माळ्यावरून मीच काढली, जिन्याला शिव्या घालत. उंदरांनी एक कोपरा खाल्लाय. बाकी रंग तसेच आहेत.

एकच अट. बाकी सगळ्या उडणाऱ्यांना सकाळीच सांग की ती विंग सरावासाठी ठेवलेली आहे, त्यावर कुणी थांबायचं नाही. खोटी हाक त्या एकट्यासाठी असेल. दुसऱ्या कुणाचं हाड मोडलं तर मी तुला ओळख देणार नाही.

समारंभाला मी येणार नाही. त्याला कळव, पाय दुखतो.

अभि

*

जयनगर
२४ फेब्रुवारी

प्रिय अभिदादा,

काल स्पर्धा झाली. बेत फसला. इतका फसला की कुठून सांगू कळत नाही, म्हणून सकाळपासून सांगते.

त्रिविक्रमला मी विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला फोन लावायच्या कामावर बसवलं. अध्यक्षांनीच बोललं पाहिजे म्हटल्यावर तो खुशीत लांब गेला. तेवढ्यात बाकीच्या आठ जणांना सांगून टाकलं: दुसऱ्या वळणाशी एक पोपटी विंग असेल, सराव आहे, थांबू नका. गिरीराज, तो नागपूरचा नवा मुलगा, त्यानं विचारलं, "सरांना सांगायचं नाही का?" मी म्हटलं, सरांचीच परीक्षा आहे. सगळे हसले. ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

मी आणि मंजुनाथ जीप घेऊन पुढे गेलो. एका गावाबाहेर नाचणी कापलेलं शेत होतं, तिथे खण पसरली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. इतकी सुंदर दिसत होती की मला एकदम तुझी आठवण आली आणि आणखीनच राग आला. मग चहा प्यायला गावात गेलो. तिथेच चूक झाली. परत येतो तर विंगेवर चिंच! सगळी विंग मधोमध सोललेल्या चिंचेनं भरलेली, आणि शेताची मालकीण, मुनियम्मा नाव तिचं, फडक्यानं कावळे हाकत बसलेली. मी म्हटलं, अहो हे काय? तर माझ्याकडे बघून हसली. "ओणगक्के हाकिदीनि, अम्मा. स्वल्प ओणगलि." वाळत घातलीये, जरा वाळू दे! मंजुनाथ इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. चिंच उचलायला सांगेपर्यंत रेडिओवर आवाज यायला लागले, पहिले जण जवळ आले होते. आम्ही चिंचेच्या झाडामागे पळालो.

पहिले पाच जण शहाण्यासारखे वरून निघून गेले. मग निळी विंग दिसली. खूप उंच होता तो, दादा. मला तर तो नखाएवढा दिसत होता. आला, वर एक फेरी घेतली. मी मनात म्हटलं, जा. जा ना. जा आणि मर एकदाचा. आणि तो वळला. उतरायलाच लागला, वेड्यासारखा, कान दुखतील अशा वेगानं. रेडिओवर ओरडत होता, "अभी! अभी!" गिरीराज नंतर मला म्हणाला की सर पुढच्या सगळ्यांना आत्ताच्या आत्ता उतरायला सांगत होते, त्यामुळे त्याला बिचाऱ्याला फार अपराधी वाटलं.

वाऱ्याच्या दिशेनंच उतरला, म्हणजे आपटलाच. दोन्ही गुडघे सोलले. विंग सोडून, हार्नेस ओढत धावत आला आणि त्या चिंचेत गुडघ्यांवर बसला. दोन्ही हातांनी चिंच बाजूला करायला लागला. विंगेचा काठ उचलून खाली बघत होता, जणू खाली कुणी असेल. मुनियम्मा काठी घेऊन धावली. "अय्यो, नन्न हुणसेहण्णू!" माझी चिंच! आणि त्याच्या पाठीत एक घातलीसुद्धा. त्याला कळलंच नाही.

मी झाडामागून बाहेर आले. वाक्य दोन वर्षं पाठ करून ठेवलं होतं. पण वाळत घातली होती का म्हणून कसं विचारणार? खरोखरच वाळत घातली होती! त्यानं हातातला काठ खाली ठेवला. मग म्हणाला, "तू ठेवलीस?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "सरी." बरं, एवढंच. मग उठून त्या बाईची चिंच गोळा करून द्यायला लागला.

आता खरी फजिती. नियमाप्रमाणे थांबणारा तो एकटा, म्हणून पहिला नंबर त्याचा. माझ्याच नियमानं माझ्याच हातानं त्याला ढाल द्यायची आहे. तो नको म्हणतोय. बाकीचे म्हणतात, बघा अध्यक्षांचं मन केवढं मोठं. मला रडू येतंय, आणि ते रागाचं आहे. आपण हरलो, दादा. तुला उत्तरही मिळालं नाही.

वीणा

*

बेळगाव
२८ फेब्रुवारी

वीणे,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा चिंचेपाशी हसलो. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

त्रिविक्रम हिंदी बोलत नाही गं. तू पुण्याची, गिरीराज नागपूरचा, तुम्हाला हे कसं लक्षात येणार. तो जुन्या बेंगळुरूचा मराठी. घरात कन्नड मिसळलेली मराठी, बाहेर कन्नड, रेडिओवर इंग्रजी. त्याच्या ऑफिसातल्या दिल्लीकरांशी तो "हम आता है, तुम बैठता है" असं बोलायचा आणि मी खोलीत त्याची नक्कल करायचो. घाईत, घाबरल्यावर त्याच्या तोंडून हिंदी येणारच नाही. त्याला घाम फुटला की कन्नड येतं, आणि माझ्याशी असला तर मराठी.

'अभी, अभी' म्हणजे तो हिंदीत 'आत्ता' म्हणत नव्हता. तो मला हाक मारत होता.

मी बेळगावात आहे हे त्याला माहीत आहे. माझ्या पत्त्यावर त्यानं स्वतः निमंत्रण पाठवलं. तरी विंग दिसल्याबरोबर त्याच्या तोंडून माझं नाव आलं. ज्या उंचीवरून रंग कळत नाहीत, सगळं पांढरंच दिसतं, त्या उंचीवरून त्याला पोपटी कळला, राणी काठ कळला, माणूस कोण तेही कळलं. तो नखाएवढा दिसत होता, असं तूच लिहिलंस.

म्हणजे तेव्हाही कळला होता. दोन फेऱ्या घेऊन, नीट बघून, माझी आहे हे ओळखून तो गेला.

दुकान लवकर बंद केलं. मामा म्हणाला, काय झालं की रे? मी म्हटलं, काही नाही, हिशेब लागला. घरी येऊन आईशी विनाकारण भांडलो. तिनं भाकरी वाढली आणि मी ती ढकलली. मला वाटलं होतं उत्तर मिळालं की सुटल्यासारखं होईल. सुटलो नाही. हात शिवशिवायला लागले आहेत. तो समोर असता तर त्याला काठीनं बडवला असता, मुनियम्माच्या काठीनं, दोन्ही गुडघ्यांवर.

तेव्हा ढाल त्याला दे. तो नको म्हणाला तरी दे. नियम म्हणजे नियम. आणि त्यावर काय कोरायचं ते मी सांगतो. चौथ्या ब्लॉकच्या बाजारात जो कोरीव काम करणारा आहे, त्याच्याकडून करून घे, मोठ्या अक्षरात:

त्रिविक्रम यांस
रंग ओळखल्याबद्दल

साल घालायचं नाही. सालाची जागा रिकामी सोड. कुणी विचारलं तर सांग, दादानं सांगितलंय.

बाकीच्यांना कळणार नाही. ते म्हणतील, पोपटी विंग वरून ओळखली, छान नजर आहे. त्याला कळेल. ती ढाल त्याच्या घरात राहू दे. त्याच्या आईनं ती पुसावी, पाहुण्यांनी विचारावं, कसली हो ढाल? आणि दर वेळी त्यानं काहीतरी खोटं सांगावं. मला दुसरं काही नको.

अभि

*

जयनगर
२४ मार्च

प्रिय अभिदादा,

उशीर झाला, कारण समारंभानंतर जे झालं ते पूर्ण व्हायची वाट बघत होते.

कोरणारा म्हणाला, साल नाही घालायचं? अपूर्ण दिसेल मॅडम. मी म्हटलं, अपूर्णच हवंय. ढाल बघितल्यावर पहिल्यांदा मला तुझी जराशी भीती वाटली. हे माझ्या डोक्यातून कधीच आलं नसतं. मी आपली बाद करा, हाकलून द्या एवढ्यावर खूश होते.

समारंभ जयनगरच्या त्या छोट्या हॉलमध्ये झाला. प्रमुख पाहुण्याची खुर्ची त्यानं रिकामीच ठेवली होती, दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. ढाल द्यायची वेळ आली तेव्हा तो पुढे आला, गुडघ्यांवर अजून पट्ट्या. मी ढाल हातात दिली. त्यानं वाचलं. लोक टाळ्या वाजवत होते, गिरीराज शिट्ट्या मारत होता. त्रिविक्रमनं त्या रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला आणि हळूच विचारलं, "साल राहिलं?" मी म्हटलं, "राहिलं नाही. अभिदादानं तसंच ठेवायला सांगितलंय." त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. फोटोत दिसतं ते. मला मजा आली नाही असं म्हणणार नाही. आली. घरी येऊन मी एकटीनं बिर्याणी मागवून खाल्ली.

ती मजा तीन दिवस टिकली. मग मला वाटायला लागलं, कुणास ठाऊक, दोन वर्षं तो प्रत्येक पसरलेल्या कापडात तुलाच बघत असेल, म्हणून नाव आलं असेल तोंडात. त्या दिवशी त्यानं काठ उचलून खाली बघितलं ते मला आठवत राहिलं. हे तुला लिहावं की नाही असा विचार करत होते. तू चिडशील म्हणून लिहिलं नाही.

काल क्लबची बैठक होती. तो ढाल वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. टेबलावर ठेवली आणि कागद काढला. दादा, त्यानं साल कोरून आणलंय. यंदाचं नाही. २०२३.

सगळे म्हणाले, चूक झाली की कोरणाऱ्याची. तो म्हणाला, चूक नाही. आणि मग उभ्याउभ्या सगळं सांगितलं, आधी इंग्रजीत, मग शब्द सुचेनात म्हणून कन्नडमध्ये. ते मी तुला मराठीत लिहिते. "त्या दिवशी मला रंग कळले होते. विंग अभीची आहे हे कळलं होतं. त्यानं हात वर केलेला दिसला. मी दोन फेऱ्या घेतल्या, आणि समोर शेवटची खूण दिसत होती. सात वर्षांत मी त्याच्यापुढे एकदाही गेलो नव्हतो. म्हटलं, हात हलतोय म्हणजे जिवंत आहे, कुणीतरी येईल. वाळत घातल्याचं मी नंतर रचलं." गिरीराजला तर अर्धं कळलंच नव्हतं, तो सगळ्यांची तोंडं बघत होता. मग त्रिविक्रमनं अध्यक्षपद सोडल्याची चिठ्ठी ठेवली. ढाल घरी नेली नाही. क्लबच्या दारासमोरच्या फळीवर, आत येणाऱ्याला पहिली दिसेल अशी ठेवली.

जाताना जिन्यात माझ्याजवळ थांबला. म्हणाला, "त्याला लिहिशील ना? मी लिहिलं तर तो फोडणार नाही." मी विचारलं, माफी मागायची आहे का? तो म्हणाला, "नाही. मागितली तर द्यावी लागते. त्याला ते ओझं नको."

खण माझ्याकडे आहे. काठाला अजून चिंच चिकटलेली आहे, धुतली तरी वास जात नाही. परत पाठवू का? तू पुन्हा कधी उडणार असलास तर उंदरानं खाल्लेला कोपरा शिवून घेईन. डॉक्टर काय म्हणतात, हे तू कधीच लिहीत नाहीस.

तुझी,
वीणा

*

बेळगाव
१ एप्रिल

वीणे,

तारीख बघून गंमत समजू नकोस.

डॉक्टर म्हणतात, चाला. त्यापुढे काही म्हणत नाहीत, आणि मी विचारत नाही. विंचच्या दोरीला लागून धावणं या पायाला जमणार नाही, हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. विंग माळ्यावर ठेवली होती ती उगाच. परत पाठवू नकोस.

माझा हात वर होता, हे त्याला दिसलं होतं. एवढं वाक्य तू लिहिलंस त्यावर मी किती वेळ बसलो, सांगता येणार नाही. आईला काल सगळं वाचून दाखवलं. ती रडली आणि मग त्रिविक्रमच्या आईचे कोडबळे किती खुसखुशीत असायचे ते सांगायला लागली. या बायकांचं मला कळत नाही.

त्याला सांग, माफ केलेलं नाही. करीन असंही नाही. पण माझं विचारायचं होतं ते संपलं. दुकानात आता गिऱ्हाईक नसताना त्याचं वाईट चिंतायचं राहून जातं, काल तर दिवसभर आठवणच झाली नाही. खिळ्यांच्या डब्यावरचं ते निमंत्रणही काढलं, सोनेरी रेघेला गंज लागला होता.

खण त्या मुनियम्माला देऊन टाक. एवढं मोठं, घट्ट विणीचं कापड तिला कुठे मिळणार? दर वर्षी चिंच वाळवील. पण अख्खी देऊ नकोस. शेतात अख्खी पसरली की वरून जाणाऱ्याला ती हाकच वाटणार, आणि खोटी हाक एकदा मारली तेवढी पुरे झाली. आधी तिचे चार तुकडे करायला हवेत, काठ वेगळा, पोपटी वेगळा, म्हणजे वरून कुणाला ती विंग वाटणार नाही.

तुकडे तू करू नकोस. मुनियम्माच्या शेतात त्रिविक्रमला घेऊन जा आणि कात्री त्याच्या हातात दे.

अभि